खिशात अडकणारी करंगळी

डॉक्टरताई, नमस्कार. आखाजीला माहेरी गेले होते, अमळनेर तालुक्यात. बापूंचं शिलाईचं दुकान आहे, वय साठीच्या आसपास. त्यांच्या उजव्या हाताची करंगळी बाकीच्या बोटांपासून फटकून बाजूला उभी राहते. सदऱ्याच्या खिशात हात घातला की करंगळी बाहेरच अडकते. कापड चिमटीत धरलं की निसटतं. करंगळीला आणि शेजारच्या बोटाला रात्री मुंग्या येतात, फोन कानाला लावून बोलले तर लगेच येतात. दुखत मात्र काहीच नाही. ‘बोट मनं ऐकत नही’ एवढंच म्हणतात. गावातल्या एकाने तेल लावून बोट ओढून दिलं, मनगटाला काळा दोरा बांधला. दवाखान्यातून ताकदीच्या गोळ्या आणल्या. साखरेची गोळी आधीपासून चालू आहे. शेजारी हळू आवाजात ‘तो रोग’ म्हणतात, त्यामुळे आई घाबरून गेली आहे. मला कळत नाही ते असं, की ताकद गेली असेल तर बोट लुळं पडायला हवं. हे तर ताठ उभं राहतं. मग झालंय काय? बोट वाकडं झालेलं नाही, म्हणजे लगीनसराई संपेपर्यंत थांबलं तर चालेल ना? आणि चेंडू दाबायचा व्यायाम करू द्यावा का?
– एक लेक

ताई,

थांबलं तर चालणार नाही. हे आधी सांगते, कारण बापू हे पत्र पूर्ण ऐकतीलच असं नाही. लगीनसराईचे कपडे दुसऱ्या कुणाकडून शिवून घेता येतील, पण हातातला स्नायू एकदा वाळला की तो परत मिळेलच असं नसतं. आता बाकीचं सावकाश बोलू.

तुमचा प्रश्न फार नेमका आहे. ताकद गेलेलं बोट ताठ का उभं राहावं? याचं उत्तर करंगळी कोण कोण हलवतं यात आहे. त्यासाठी तुमचा स्वतःचा हात पुढे घ्या, तळवा वर करून.

मनगटाची जिथे घडी पडते, तिथे करंगळीच्या बाजूला बोटाने चाचपलं तर वाटाण्याएवढं एक हाड लागतं. ते पिसिफॉर्म. तिथून करंगळीच्या मुळापर्यंत तळहाताच्या कडेला जो मांसल उंचवटा दिसतो, त्यात करंगळीचे स्वतःचे तीन स्नायू आहेत. आता करंगळी बाहेर फाका आणि दुसऱ्या हाताने तो उंचवटा दाबून पाहा, कडक लागेल. हा ॲबडक्टर डिजिटाय मिनिमाय. आखाजीला तुम्ही खापरावर पुरणपोळ्या केल्या असतील. पोळी हातावर झेलून मोठी करताना बोटं पूर्ण फाकलेली लागतात, तेव्हा शेवटच्या बोटाला बाहेर नेऊन धरणारा स्नायू हाच. त्याच्या शेजारी करंगळीला मुळातून वाकवणारा फ्लेक्सर डिजिटाय मिनिमाय ब्रेविस. आणि दोघांच्या खाली, हाडाला लागून, ऑपोनन्स डिजिटाय मिनिमाय. तो बोटाला हातच लावत नाही. करंगळीच्या मागचं तळहातातलं लांब हाड तो पुढे ओढतो. मूठ सैल वळून समोरून पाहा आणि मग घट्ट आवळा. तर्जनी आणि मधल्या बोटाची पेरं जागची हलत नाहीत, करंगळीचं पेर मात्र खाली आणि आत सरकतं. ओंजळीत पाणी थांबतं आणि कुदळीचा दांडा मुठीत घट्ट बसतो तो या सरकण्यामुळे. करंगळी लहान दिसते म्हणून तिला दुय्यम समजू नये. मुठीची पकड या कडेनेच बंद होते.

याशिवाय तळहाताच्या आत, हाडांच्या मधल्या फटीत बसलेला एक छोटा स्नायू आहे, तिसरा पामर इंटरोसियस. तो करंगळीला आत, शेजारच्या बोटाकडे खेचतो. चारही बोटं जुळवून नमस्कार करताना करंगळी चिकटून राहते ती याच्यामुळे. बापूंच्या बाबतीत हा सगळ्यात महत्त्वाचा आहे, याला लक्षात ठेवा. त्याच्या जवळचा चौथा लुम्ब्रिकल बोटाला मुळाशी वाकवतो आणि पुढची पेरं सरळ ठेवतो. हातातले हे पाचही स्नायू एकाच नसेवर चालतात, अल्नर नसेवर.

पण करंगळीला हलवणारे सगळे स्नायू तळहातात नाहीत. काही कोपराखालच्या हातात आहेत आणि तिथून दोरीसारख्या लांब कंडरा पाठवून बोट ओढतात. टोकाचं पेर वाकवणारा फ्लेक्सर डिजिटोरम प्रोफंडस, त्याचा करंगळीकडचा भागही अल्नर नसेवरच चालतो. मधलं पेर वाकवणारा वेगळा, त्याची नस वेगळी. (पुष्कळ लोकांत करंगळीपुरता हा स्नायू मुळातच नाजूक असतो, त्यामुळे त्यावरून काही ठरवू नये.) आणि बोट सरळ करणारे स्नायू हाताच्या मागच्या बाजूला. त्यात करंगळीला एक खास स्नायू मिळालेला आहे, एक्स्टेन्सर डिजिटाय मिनिमाय. बाकीची बोटं मुठीत ठेवून एकटी करंगळी सरळ करता येते ती याच्या बळावर. हा करंगळीला नुसता सरळ करत नाही, त्याची ओढ थोडी तिरकी, बाहेरच्या बाजूला असते. आणि त्याची नस रेडियल, म्हणजे पूर्ण वेगळी.

इथे तुमच्या प्रश्नाचं उत्तर मिळतं. अल्नर नस अशक्त झाली की आत खेचणारा इंटरोसियस सुटतो. बाहेर नेणारा ॲबडक्टरही सुटतो. पण मागचा एक्स्टेन्सर शाबूत असतो, कारण त्याची नस दुसरी. तो आपलं रोजचं काम करत राहतो, बोट सरळ करतो आणि जाता जाता बाहेर ओढतो, आणि त्याला आवरणारा आता कुणी उरलेला नसतो. म्हणून करंगळी ताठ आणि बाजूला. ताकद वाढलेली नाही, एकीकडची गेली म्हणून दुसरीकडची उघडी पडली. खिशात करंगळी अडकणं ही या दुखण्याची अगदी ठरलेली तक्रार आहे. डॉक्टर तिला वार्टेनबर्गचं लक्षण म्हणतात. तुम्ही ते पाहिलंत आणि लिहिलंत, हे फार चांगलं केलंत. पुष्कळ घरांत हे महिनोन् महिने कुणाच्या ध्यानात येत नाही.

कापड चिमटीतून निसटणं याच दुखण्याचा दुसरा भाग आहे. अंगठ्याला तर्जनीकडे दाबणारा स्नायूही अल्नर नसेवरच आहे. बापूंना वर्तमानपत्राचा एक तुकडा दोन्ही हातांच्या अंगठा आणि तर्जनीच्या कडेमध्ये सपाट धरायला सांगा आणि तुम्ही तो ओढा. उजव्या अंगठ्याचं टोकाचं पेर कागद वाचवायला वाकलं आणि डावा अंगठा सरळ राहिला, तर समजा की अंगठ्याचा तो स्नायू कमजोर आहे आणि त्याच्या जागी दुसऱ्या नसेचा स्नायू धावून आला आहे. फ्रेंच डॉक्टर फ्रोमां यांनी १९१५ च्या सुमारास, पहिल्या महायुद्धात जखमी झालेल्यांचे हात तपासताना ही खूण दाखवली. कागदाशिवाय काही लागत नाही, म्हणून ती आजही रोज वापरली जाते. तसाच दुसरा कागद करंगळी आणि शेजारच्या बोटाच्या मध्ये धरायला द्या. तो किती सहज निघतो ते दोन्ही हातांत ताडून पाहा. आणि हात उजेडात पालथा ठेवून अंगठा आणि तर्जनीच्या मधली जागा बघा. डावीकडे तिथे मांस भरलेलं आणि उजवीकडे खळगा दिसत असेल, तर तो खळगा वाळलेल्या स्नायूचा आहे. तसं असेल तर ही तारीख लिहून ठेवा आणि फोटो काढा.

आता नस कुठे दबते ते पाहू. कोपर दाराच्या चौकटीला आपटलं की करंगळीपर्यंत झिणझिणी जाते, ती हीच अल्नर नस. कोपराच्या आतल्या हाडाच्या मागून ती एका अरुंद बोळातून जाते आणि तिथे तिच्यावर कातडीखेरीज फारसं पांघरूण नाही. कोपर वाकवलं की हा बोळ आणखी आवळतो आणि नस ताणली जाते. म्हणून फोन कानाला लावला की मुंग्या. म्हणून रात्री मुंग्या, कारण आपल्याकडे उन्हाळ्यात गच्चीवर खाट टाकून हात उशाला घेऊन झोपायची सवय घराघरात आहे. त्यात शिलाई मशीनच्या पाटाच्या धारेवर कोपर टेकून बसणं. आणि साखर असली की नसा आधीच नाजूक झालेल्या असतात, थोडा दाबही त्यांना सोसत नाही.

दबण्याची दुसरी जागा मनगटाशी, त्या वाटाण्याएवढ्या हाडाच्या आणि शेजारच्या हॅमेट हाडाच्या आकड्याच्या मधोमध. फ्रेंच शल्यचिकित्सक ग्यूयों यांनी १८६१ मध्ये ही वाट दाखवून दिली. लांब पल्ल्याची सायकल चालवणारे, मोटारसायकलच्या मुठीवर तळव्याची कड टेकवून खडबडीत रस्त्याने जाणारे, हत्याराची मूठ तळव्यात रेटून काम करणारे कारागीर, यांना तिथे त्रास होतो. मनगटाशी नसेचा फक्त खोल फाटा दबला तर एकही मुंगी येत नाही, नुसती ताकद जाते. दुखत नाही, बधिर नाही, म्हणजे नस ठीक आहे, असं म्हणणं त्यामुळे धोक्याचं आहे.

या दोन जागा घरी बसून बऱ्याच अंशी ओळखता येतात. कापसाचा बोळा घ्या. बापूंचे डोळे मिटलेले असू द्या. करंगळीच्या तळव्याकडच्या बाजूला हलकेच लावा, मग हाताच्या पालथ्या बाजूला करंगळीच्या मागे लावा. पालथ्या बाजूला स्पर्श पोचवणारा फाटा मनगटाच्या साधारण चार बोटं वरच मुख्य नसेपासून वेगळा होतो. त्यामुळे नस मनगटाशी दबली असेल तर पालथी बाजू चांगली राहते. पालथी बाजूही बधिर असेल तर दुखणं वर आहे, बहुतेक कोपराशी. मग करंगळीचं मधलं पेर धरून ठेवा आणि टोकाचं पेर एकटं वाकवायला सांगा. तेही कमजोर असेल तर संशय कोपराकडे आणखी वळतो. तुमच्या पत्रातल्या फोनच्या आणि रात्रीच्या खुणांवरून मलाही कोपरच वाटतं. पण निदान हात पाहणाऱ्या डॉक्टरांचं, माझं नव्हे.

बापूंना एक गोष्ट विचारा. लहानपणी झाडावरून, बैलगाडीवरून पडून कोपर मोडलं होतं का? तेव्हा हाड तिरकं जुळलेलं असेल तर नस त्या वळणावर वर्षानुवर्षं ताणली जाते आणि म्हातारपणी हात वाळायला लागतो. माणूस ती जुनी पडझड विसरून गेलेला असतो, डॉक्टरांना सांगतच नाही. मान दुखते का, दंडातून कळ येते का, हेही विचारा, कारण मानेतून निघणाऱ्या मुळाशी दाब असेल तरी करंगळी बधिर होते. मात्र तेव्हा अंगठ्याच्या मुळाचा उंचवटाही बरोबर वाळू शकतो, तो दुसऱ्या नसेवर असूनही. दोन्ही हात बारीक होत असतील तर मेंदू-मज्जातज्ज्ञांकडेच गेलं पाहिजे.

‘बोट वाकडं झालेलं नाही, म्हणजे थोडंच आहे’ या समजुतीबद्दल मला जरा जोर देऊन बोलायचं आहे. अल्नर नसेच्या दुखण्यात करंगळी आणि शेजारचं बोट आत वळतं, पंजासारखं दिसतं, हे खरं. पण नस मनगटाशी गेली तर हा वाकडेपणा जास्त दिसतो आणि कोपराशी गेली तर कमी. कारण बोटाचं टोक आत ओढणारा प्रोफंडस कोपराखालीच नसेचा फाटा घेतो. नस वरच दबली की तोही ढिला पडतो, मग बोट वाकवणार कोण? म्हणजे इजा वर, नुकसान जास्त, आणि हात दिसायला बरा. बोट सरळ दिसतंय यावरून धीर धरू नका.

आणि घाई का, तेही सांगते. दाब थोडा आणि नवा असेल तर तो काढल्यावर नस काही आठवड्यांत, महिन्यांत सावरते. पण आतले तंतूच तुटले असतील तर ते नव्याने वाढावे लागतात, आणि त्यांचा वेग दिवसाला साधारण १ मिलिमीटर. कोपरापासून करंगळीच्या स्नायूपर्यंत २५ ते ३० सेंटिमीटर अंतर धरा. म्हणजे आज दाब मोकळा केला तरी तंतू पोचायला आठ-दहा महिने लागू शकतात. तोवर स्नायू नसेविना वाळत असतो. दीड-दोन वर्षं तसा राहिलेला स्नायू नंतर नस येऊन पोचली तरी उभा राहणं फार कठीण. हा हिशेब मांडला की लगीनसराईचे दोन महिने काय किमतीला पडतात ते बापूंनाच कळेल. ते मापाचे माणूस आहेत, मिलिमीटरची भाषा त्यांना माझ्यापेक्षा चांगली समजते.

आता आईच्या भीतीबद्दल. शेजारी कुजबुजतात तो कुष्ठरोग. तो करंगळीच्या या दुखण्याचं एक कारण असू शकतो, हे मी लपवणार नाही. कोपराशी असलेली अल्नर नस ही त्या जंतूची आवडती जागा, आणि जळगाव, धुळे, नंदुरबार तिन्ही जिल्ह्यांत आजही नवे रुग्ण सापडतात. म्हणून अंगावर कुठे फिकट किंवा लालसर चट्टा आहे का आणि त्यावर स्पर्श कळतो का, हे पाहा. कोपराच्या मागची नस बोटाखाली दोरीएवढी जाड लागते का, हे डॉक्टरांना पाहू द्या, तुम्ही दाबत बसू नका. आणि तो निघालाच, तर तो बरा होतो. औषध सरकारी दवाखान्यात फुकट मिळतं, सहा किंवा बारा महिन्यांचं. ते सुरू झालं की संसर्गाची भीती लवकरच संपते, आणि बहुतेक माणसांच्या अंगात त्या जंतूला रोखायची ताकद मुळातच असते. नसेची इजा नवी असेल, सहा महिन्यांच्या आतली, तर सूज उतरवणाऱ्या गोळ्यांनी हात वाचण्याचीही चांगली शक्यता असते. लाजेपायी घरात बसलेल्या माणसाचा हात जातो, औषध घेणाऱ्याचा वाचतो. आईला हे तुमच्या तोंडून, शेजाऱ्यांच्या आधी ऐकू द्या. आणि चट्टा नसेल, नस जाड नसेल, तर हा साधा दाब असण्याचीच शक्यता मोठी.

बोट ओढणं बंद करा. ज्यांनी ओढलं त्यांचा हेतू चांगला असेल, पण दुखणं बोटात नाहीच, आणि कोपराशी चोळल्याने आधीच दबलेल्या नसेला आणखी मार बसतो. दोरा राहू दे, तो सैल असला म्हणजे झालं. ताकदीच्या गोळ्यांत बहुधा बी-१२ असतं. शरीरात त्याची कमतरता असेल तर त्या उपयोगी आहेत, पण दबलेली नस गोळीने मोकळी होत नाही. चेंडूही नको. चेंडू दाबताना मुख्य काम कोपराखालचे मोठे स्नायू करतात, करंगळीच्या कडेचे हे छोटे स्नायू त्यात मागेच राहतात, आणि नसेवरचा दाब तसाच. सांधे आखडू नयेत म्हणून बोटं दुसऱ्या हाताने हळूच पूर्ण सरळ आणि पूर्ण वाकवून घ्यायची, दिवसातून काही वेळा, एवढं पुरे.

आजपासून करायचं ते असं. रात्री उजव्या कोपराभोवती जाड टॉवेल सैलसर गुंडाळून बांधा, म्हणजे झोपेत कोपर पूर्ण वाकणार नाही. फोन स्पीकरवर. मशीनच्या धारेवर कोपर टेकायचं नाही, खुर्चीवर उशी घालून बसायची उंची वाढवा. बधिर बोटाला इस्त्रीचा चटका कळत नाही, तेव्हा इस्त्री तूर्त दुसऱ्याच्या हातात. साखर तपासून घ्या.

आणि येत्या काही दिवसांत अमळनेरहून जळगाव किंवा धुळे गाठा. दोन्हीकडे सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय आहे, नंदुरबारलाही आहे. अस्थिरोग विभागाच्या ओपीडीत केसपेपर काढा आणि सांगा, ‘अल्नर नस दबल्याचा संशय आहे, हात वाळतोय.’ कोपराचा एक्स-रे आणि नसांची तपासणी लिहून देतील. त्या तपासणीत कातडीवरून विजेचे हलके झटके देऊन नसेचा वेग कुठे मंदावतो ते मोजतात, थोडं टोचतं, बाकी त्रास नाही. मुंग्या येऊन-जाऊन असतील तर काही आठवडे सांभाळून पाहता येतं. पण ताकद गेलेली असेल, खळगा दिसत असेल, तर डॉक्टर नसेवरचं आवरण मोकळं करण्याची शस्त्रक्रिया सुचवतील, कधी नस हाडाच्या पुढे सरकवतात. हातापुरती भूल देऊनही ती होते. साखर आटोक्यात असेल तर तिला भिऊ नका.

जाताना बरोबर न्या: खळग्याचे फोटो तारखेसह, चालू गोळ्यांच्या पट्ट्या, साखरेचा शेवटचा रिपोर्ट, आणि बापूंची कात्री. ती ते कशी धरतात हे डॉक्टरांनी पाहिलेलं बरं. तपासणीचा कागद हातात आला की त्यात लिहिलेलं मला जसंच्या तसं कळवा, त्याचा अर्थ मी सांगते.